साध्या सायकलवरचे दोनशे मीटर

उभ्या जागेवरून सुटायचं आणि २०० मीटर सरळ जायचं, एवढीच ही शर्यत. रोज सायकलने कामावर जाणाऱ्याला यासाठी वीस-पंचवीस सेकंद लागतात. ट्रॅकवरचे स्प्रिंटर आधी वेग घेतात आणि मग त्यांचे २०० मीटर मोजले जातात. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॅरी लाव्हरेसेनने ते ९.०८८ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे ७९ किलोमीटरने कापले. आपल्याला तिथे पोचायचं नाही. पण लांब पल्ल्याच्या सरावाला ज्यांना वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी याहून चांगली शर्यत मला दिसत नाही.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो गिअरने. बहुतेक जण सुटतानाच सर्वांत जड गिअर टाकतात. पुढे ४४ दात आणि मागे ११ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ८.४ मीटर जाते. शेवटी हे उपयोगाचं आहे, पण सुरुवातीला पायडल हलतच नाही आणि तोवर शेजारचा निघून गेलेला असतो. मागे १६ दात ठेवले तर फेऱ्याला पावणेसहा मीटर मिळतात. मिनिटाला शंभर फेरे मारले की ताशी ३५ किलोमीटर. म्हणून मधल्या गिअरवर सुटावं आणि पाय मोकळे फिरू लागले की एकेक गिअर चढवावा. चढवताना पायाचा जोर क्षणभर कमी करायचा, नाहीतर चेन पडते.

सुटताना जोराचा पाय पुढे, पायडल आडव्यापेक्षा किंचित वर. सीटवरून उठायचं आणि ज्या पायाने दाबतो त्याच बाजूच्या हाताने हँडल ओढायचं. दाबाला आधार मिळतो तो या ओढण्यातून.

वेग आला की खरी झुंज हवेशी. वेग दीडपट करायचा तर हवा कापायला जवळजवळ साडेतीनपट ताकद लागते. त्यामुळे कोपरं वाकवून छाती खाली आणली की नवी सायकल न घेताही वेळ कमी होतो. नजर मात्र समोरच हवी.

स्नायूंमधला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा पूर्ण जोराच्या दहाएक सेकंदांत बराचसा संपतो. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय जड होतात ते यामुळे. तिथे बहुधा कोणाचा वेग वाढत नाही. ज्याचा कमी उतरतो तो पुढे राहतो. हा साठा भरायला काही मिनिटं लागतात, म्हणून दोन फेऱ्यांमध्ये निदान पाच-सहा मिनिटं सोडावीत. घाईने घेतलेली दुसरी फेरी कोणाचीच खरी क्षमता दाखवत नाही.

ट्रॅकवर प्रतिस्पर्ध्याच्या मागे राहून हवा चुकवतात. आपण ते करू नये. चाकाला चाक लावून जायला सराव लागतो. खडूने दोन पट्ट्या आखाव्यात आणि आपली पट्टी सोडली की बाद. निकाल पुढच्या टायरच्या पुढच्या कडेवर ठरतो, म्हणून रेषेवर हात ताणून सायकल पुढे ढकलतात. स्टॉपवॉचवरचं बोट चुकतं. मोबाइल रेषेच्या अगदी सरळीत ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करावं.

रस्ता मात्र पूर्ण बंद हवा आणि रेषेपलीकडे शंभर मीटर मोकळा. दमलेल्या हातांनी पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून जातो. वेग तिथे हळूहळूच उतरवायचा असतो.