इंग्रजी काळविचार (लेखांक ६) : पूर्ण वर्तमानकाळ की साधा भूतकाळ?

मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजीच्या पूर्ण वर्तमानकाळाची ओळख बहुधा ‘नुकतीच पूर्ण झालेली क्रिया’ अशी करून दिली जाते आणि साध्या भूतकाळाच्या वाट्याला ‘पूर्वी घडून गेलेली क्रिया’ एवढीच व्याख्या येते. ही विभागणी पाठ करण्यास सोपी आहे, परंतु प्रत्यक्ष इंग्रजी वाक्यांपुढे ती टिकत नाही. ‘ही लेफ्ट टू मिनिट्स अगो’ या वाक्यातील क्रिया अवघ्या दोन मिनिटांपूर्वीची असूनही तिथे साधा भूतकाळच लागतो. उलट ‘द अर्थ हॅज एक्झिस्टेड फॉर मोर दॅन फोर बिलियन इयर्स’ या वाक्यात चार अब्ज वर्षांहून अधिक काळ सामावलेला असूनही पूर्ण वर्तमानकाळ अटळ ठरतो. तेव्हा क्रिया किती जवळची किंवा किती लांबची, यावर ही निवड अवलंबून नाही. बोलणारा त्या क्रियेकडे कुठे उभा राहून पाहतो, यावर ती अवलंबून आहे.

पूर्ण वर्तमानकाळाची रचना पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. या रचनेत ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ हे साहाय्यक क्रियापद असते आणि त्याच्या जोडीला मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे ‘रिटन’, ‘गॉन’, ‘फिनिश्ड’ यांसारखे रूप येते. यातील साहाय्यक क्रियापद वर्तमानकाळी आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात क्वचितच आणून दिली जाते आणि सारा घोटाळा तिथूनच सुरू होतो. जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख याने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात काळांच्या मांडणीसाठी तीन बिंदू कल्पिले : वाक्य उच्चारले जाते तो उच्चारबिंदू, क्रिया घडते तो घटनाबिंदू आणि जिथून त्या क्रियेकडे पाहिले जाते तो संदर्भबिंदू. साध्या भूतकाळात घटनाबिंदू आणि संदर्भबिंदू एकत्र असतात आणि ते दोन्ही उच्चारबिंदूच्या मागे राहतात, म्हणजे बोलणारा मनाने त्या गेलेल्या काळात जाऊन उभा राहतो. पूर्ण वर्तमानकाळात घटना मागे राहते, पण संदर्भबिंदू उच्चारबिंदूशी जुळलेला असतो, म्हणजे बोलणारा आजच्या जागेवरून न हलता मागे घडलेल्या गोष्टीचा आजशी असलेला संबंध सांगतो.

या मांडणीतून निघणारा सर्वांत कडक नियम असा की, ज्या वाक्याचे मुख्य क्रियापद पूर्ण वर्तमानकाळी आहे, त्यात संपून गेलेल्या काळाचा निश्चित निर्देश करता येत नाही. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१५’, ‘अ‍ॅट टेन ओक्लॉक’, ‘टू डेज अगो’ यांपैकी काहीही आले की साधा भूतकाळच वापरावा लागतो, आणि ‘व्हेन’ने सुरू होणारा ‘केव्हा’ हा प्रश्नही त्याच कारणाने ‘व्हेन डिड यू कम’ असाच विचारावा लागतो. हा नियम भाषावैज्ञानिकांनाही कोड्यासारखा वाटत आला आहे; वोल्फगांग क्लाइन याने १९९२ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकातच या रचनेला कोडे म्हटले आहे. कोडे अशासाठी की, घडलेल्या क्रियेला तारीख असतेच, मग ती वाक्यात सांगण्यास मज्जाव का असावा?

मराठी भाषकाला हा मज्जाव विशेष जाचतो, कारण मराठीत तो नाही. ‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे वाक्य मराठीत पूर्णपणे शुद्ध आणि स्वाभाविक आहे. त्यातील ‘आहे’ पत्र पाठवले गेल्याची आजची स्थिती नोंदवते आणि ‘काल’ त्या क्रियेचा दिवस सांगतो, आणि दोन्ही एका वाक्यात सुखाने नांदतात. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले की ‘आय हॅव सेंट द लेटर यस्टर्डे’ असे, कार्यालयीन पत्रव्यवहारात नित्य आढळणारे आणि प्रमाण इंग्रजीत अमान्य असलेले वाक्य तयार होते.

नोकरीच्या अर्जात हा फरक फार ठळकपणे दिसतो. समजा, एखादा उमेदवार मराठीत असे लिहितो : ‘मी २०१५ मध्ये बी.कॉम. पूर्ण केले आहे. त्यानंतर तीन वर्षे नाशिकमधील एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून काम केले आहे. २०१८ पासून पुण्यात एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात काम करीत आहे.’ मराठीत तिन्ही वाक्यांच्या शेवटी ‘आहे’ आले तरी कुठेच खटकत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यात वर्ष आल्यामुळे ‘आय कम्प्लिटेड माय बी.कॉम. इन २०१५’ असा साधा भूतकाळ हवा. दुसऱ्या वाक्यात नाशिकचा कालखंड संपलेला असल्यामुळे ‘आय देन वर्क्ड फॉर थ्री इयर्स’ असे लिहिले पाहिजे. तिथे ‘हॅव वर्क्ड फॉर थ्री इयर्स’ असे लिहिल्यास अर्ज वाचणाऱ्याचा समज हा उमेदवार अजून नाशिकलाच काम करतो असा होण्याचा संभव आहे, आणि ही चूक केवळ व्याकरणाची न राहता माहितीची होते. तिसऱ्या वाक्यात, जिथे मराठी चालू वर्तमानकाळ वापरते, तिथे नेमका इंग्रजीला पूर्णत्वाचा स्पर्श लागतो : ‘आय हॅव बीन वर्किंग इन पुणे सिन्स २०१८’. आणि याच उमेदवाराने वर्ष न देता केवळ आपली पात्रता सांगायची ठरवली, तर ‘आय हॅव कम्प्लिटेड माय बी.कॉम.’ हेच वाक्य निर्दोष ठरते, कारण तेव्हा तो घटनेचा इतिहास सांगत नसतो, तर आज आपल्या हाती असलेली पदवी पुढे ठेवत असतो.

या मनाईला एक महत्त्वाची सूट आहे आणि तिची चर्चा शालेय पुस्तकांत अभावानेच आढळते. ‘हॅव’च्या आधी ‘मस्ट’, ‘मे’ किंवा ‘शुड’ यांसारखे दुसरे साहाय्यक क्रियापद आले, तर तारखेवरची बंदी उठते. ‘ही मस्ट हॅव सेंट इट यस्टर्डे’ हे वाक्य सर्वथा शुद्ध आहे. याचे कारण असे की, तिथे ‘हॅव’ स्वतः वर्तमानकाळी रूप राहिलेले नसते आणि भूतकाळ दाखवण्यासाठी त्या रचनेत दुसरे साधनही उपलब्ध नसते.

तारीख नसली, पण ‘आज’, ‘या आठवड्यात’, ‘या वर्षी’ असा कालखंड आला, तर तो कालखंड बोलताना संपला आहे की चालू आहे, हे पाहावे लागते. सकाळी दहा वाजता बोलणारा ‘आय हॅवन्ट सीन हिम धिस मॉर्निंग’ म्हणेल, कारण सकाळ अजून सरलेली नाही. संध्याकाळी त्याच सकाळीविषयी बोलताना तो ‘आय डिडन्ट सी हिम धिस मॉर्निंग’ म्हणेल. भूतकाळाची वाटणी ‘आज’च्या रेषेवर करण्याची कल्पना इतर भाषांच्या व्याकरणांतही आढळते. १६६० साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या पोर-रोयाल व्याकरणाने त्याच दिवशी घडलेल्या गोष्टीसाठी साधे भूतकाळी रूप वापरू नये, असा दंडक सांगितला होता. त्याच्या कितीतरी शतके आधी पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात ‘अनद्यतन’, म्हणजे आजचा नसलेला, भूतकाळ वेगळा काढून त्यासाठी लङ् हा लकार नेमून दिला आणि सामान्य भूतासाठी लुङ् ठेवला. इंग्रजीतील रेषा मात्र इतकी ठरीव नाही. ती दिवसाची, वर्षाची किंवा एखाद्या आयुष्याचीही असू शकते.

आयुष्याची रेषा ही कल्पना थोडी उलगडून पाहण्याजोगी आहे. बर्नार्ड कॉम्री याने १९७६ च्या आपल्या ग्रंथात पूर्णत्वाचे चार प्रकार सांगितले : क्रियेचा परिणाम आज टिकून असणे, आजवर कधीतरी अनुभव आलेला असणे, पूर्वी सुरू झालेली स्थिती अजून चालू असणे आणि घटना अगदी ताजी असणे. शाळेतील व्याख्या यांपैकी फक्त शेवटचा प्रकार धरून बसते. अनुभवाच्या प्रकारात कर्त्याचे सारे आयुष्य हाच एक उघडा कालखंड असतो आणि म्हणून त्यासाठी कर्ता हयात असणे सामान्यतः आवश्यक ठरते. लता मंगेशकर यांच्याविषयी ‘शी हॅज संग इन मेनी लँग्वेजेस’ हे वाक्य त्यांच्या हयातीत यथायोग्य होते. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर त्याच आशयासाठी ‘शी संग इन मेनी लँग्वेजेस’ असे म्हणावे लागते. गाणी तीच आहेत आणि ती गायली गेली तेव्हाचा काळही तोच आहे. बदलले आहे ते एवढेच की, तो कालखंड आता मिटला आहे. मराठीत ‘त्यांनी अनेक भाषांत गायले आहे’ हे वाक्य आजही बिनदिक्कत लिहिता येते. एका क्रियापदाच्या रूपात इंग्रजी इतकी मोठी गोष्ट नोंदवते, याकडे अभ्यासकाने आदराने पाहावे.

परिणामाच्या प्रकारात ‘ही हॅज गॉन टू नागपूर’ म्हणजे तो नागपूरला गेला असून इथे नाही, तर अनुभवाच्या प्रकारात ‘ही हॅज बीन टू नागपूर’ म्हणजे तो कधीतरी तिथे जाऊन आलेला आहे. मराठीत पहिल्या अर्थासाठी बहुतेकदा ‘आहे’ची गरजही पडत नाही, ‘बस आली’, ‘बाबा ऑफिसला गेले’, ‘जेवलास का?’ ही साधी रूपे परिणाम आणि ताजेपणा दोन्ही वाहून नेतात. त्यामुळे मराठीतील साध्या रूपासाठी इंग्रजीतही साधे रूप आणि ‘आहे’साठी ‘हॅव’ असे गणित मांडणारा विद्यार्थी दोन्ही बाजूंनी फसतो.

वृत्तपत्रांची इंग्रजी या दृष्टीने वाचनीय आहे. ब्रिटिश धाटणीच्या बातमीचे पहिले वाक्य पुष्कळदा पूर्ण वर्तमानकाळात असते, कारण वाचकाला आजची नवी स्थिती कळवायची असते. तपशील सुरू होताच, म्हणजे कोण कुठे कधी काय बोलले हे सांगताना, बातमी साध्या भूतकाळात उतरते आणि तिथेच राहते. मराठी बातमीत ‘मंत्र्यांनी मंगळवारी जाहीर केले आहे’ असे वार आणि ‘आहे’ एकत्र येतात; भाषांतर करणाऱ्याने अशा ठिकाणी वार ठेवायचा की ‘हॅज’ ठेवायचे, हे ठरवलेच पाहिजे. अमेरिकी इंग्रजीत मात्र ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’ आणि ‘येट’ यांच्यासोबतही बोलताना साधा भूतकाळ सर्रास येतो. ‘डिड यू ईट येट’ हा प्रश्न तिथे स्वाभाविक मानला जातो, तर ब्रिटिश प्रघात ‘हॅव यू ईटन येट’ असा आहे. भारतातील पाठ्यपुस्तके आणि परीक्षा बहुधा ब्रिटिश प्रघात मानतात, म्हणून विद्यार्थ्यांनी तूर्त तोच धरून चालणे हिताचे आहे.

तारीख असलेले ‘हॅव’चे वाक्य भारतीय इंग्रजीत इतके रुळले आहे की संभाषणात त्याने कोणाचे अडत नाही, अर्ज, अहवाल आणि उत्तरपत्रिका यांत मात्र ते चूकच धरले जाते. वाचकांनी आपली अलीकडे लिहिलेली चार-पाच इंग्रजी पत्रे काढून त्यांतील प्रत्येक ‘हॅव’ आणि ‘हॅज’ शेजारी एखादा वार, दिनांक किंवा वर्ष आले आहे का, एवढे तपासून पाहावे. ‘तू काल कुठे गेला होतास?’ या मराठी प्रश्नातून इंग्रजीत विनाकारण शिरणाऱ्या ‘हॅड’चा, म्हणजे पूर्ण भूतकाळाचा, विचार पुढील लेखांकात केला जाईल.