घरच्या जुन्या संगणकातला नको असलेला अँटीव्हायरस कसा काढावा?



बऱ्याच घरांत आज एखादा जुना संगणक असतो. त्यावर मुलं प्रकल्प टाइप करतात, आपण निकालपत्रकं करतो. तक्रार मात्र सगळीकडे सारखीच असते. संगणक सुरू व्हायला फार वेळ लागतो आणि कोपऱ्यात सारखा मेसेज येतो, "तुमची मुदत संपली आहे, नूतनीकरण करा." मग कुणी घाबरून पैसे भरतं, तर कुणी वैतागून त्या अँटीव्हायरसचं फोल्डरच डिलीट करायला जातं. या दोन्हींची गरज नाही. अँटीव्हायरस काढायची एक ठरलेली रीत आहे, ती आज पाहू.

तो सहज का निघत नाही?

अँटीव्हायरस हा साध्या प्रोग्रामसारखा नसतो. तो विंडोजच्या आतल्या भागात जाऊन बसतो. उघडणारी प्रत्येक फाइल आणि इंटरनेटवरून येणारी माहिती तो तपासतो. शिवाय व्हायरसने आपल्यालाच काढून टाकू नये म्हणून तो स्वतःचंही रक्षण करतो. म्हणून फोल्डर डिलीट करायला गेलं की "परवानगी नाही" असं उत्तर येतं. जबरदस्तीने अर्धवट काढला, तर आत राहिलेल्या भागांमुळे इंटरनेट बंद पडू शकतं किंवा दुसरा अँटीव्हायरस बसत नाही.

आणखी एक गोष्ट. "दोन अँटीव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा" हा गैरसमज आहे. दोघंही एकच फाइल तपासायला धावतात आणि एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. २ किंवा ४ जीबी रॅमच्या संगणकाचा तर त्यात जीवच जातो.

आधी ओळखा: खरा की खोटा?

मेसेज कुठून येतोय ते नीट पाहा. प्रोग्रामच्या यादीत त्या कंपनीचं नाव असेल, तर तो बहुधा संगणकाबरोबर आलेला किंवा पूर्वी कुणीतरी घातलेला अँटीव्हायरस असतो.

नाव यादीत नसेल आणि तरीही "तुमच्या संगणकात व्हायरस सापडले" असे मेसेज येत असतील, तर ते बऱ्याचदा एखाद्या वेबसाइटचे नोटिफिकेशन असतात. गेम किंवा सिनेमा शोधताना मुलांकडून 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी साइट काढून टाका. मेसेज थांबतात.

स्क्रीनवर फोन नंबर दिसला तर त्यावर कधीही फोन करू नका, आणि कुणी सांगितलं म्हणून संगणकाचा ताबा देणारं ॲप घेऊ नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा.

काढण्यापूर्वीची तयारी

१. फोटो, निकालपत्रकं, महत्त्वाची कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या.

२. काही अँटीव्हायरसमध्ये पासवर्ड किंवा फाइली कुलूपबंद ठेवायची सोय असते. तिथे काही ठेवलं असेल तर आधी बाहेर काढा.

३. त्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून तिचं 'रिमूव्हल टूल' उतरवून ठेवा. मॅकॅफी, नॉर्टन, अव्हास्ट, कॅस्परस्की यांची अशी मोफत टूल्स आहेत. शोधताना वर येणाऱ्या जाहिरातींवर मात्र क्लिक करू नका.

४. कार्डवरून दरवर्षी आपोआप पैसे कापले जात असतील, तर ते कंपनीच्या खात्यात जाऊन वेगळं बंद करावं लागतं. प्रोग्राम काढला म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही, बरं का!

प्रत्यक्ष कृती

१. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, मग ॲप्स उघडा. विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनेलमधून 'अनइन्स्टॉल अ प्रोग्राम' उघडा.

२. अँटीव्हायरसचं नाव निवडून 'अनइन्स्टॉल' दाबा. "खरंच काढायचं? सवलत देतो, थांबा!" असे प्रश्न येतील. घाई न करता प्रत्येक ओळ वाचून पुढे जा.

३. संगणक रीस्टार्ट करा. ही पायरी टाळू नका, कारण आतले काही भाग रीस्टार्ट झाल्यावरच निघतात.

४. तरी काही उरलं, तर आता रिमूव्हल टूल चालवा आणि पुन्हा रीस्टार्ट करा.

५. अनइन्स्टॉल अडकलंच, तर सेफ मोडमध्ये प्रयत्न करा. विंडोज ७ मध्ये संगणक सुरू होताना एफ ८ दाबत राहा. विंडोज १० मध्ये शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' निवडा आणि ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जपर्यंत जा.

रजिस्ट्री साफ करणारी फुकट सॉफ्टवेअर्स यासाठी वापरू नका. एक नको असलेली वस्तू काढताना दुसरी घरात येते.

जुनं कुलूप काढलं, आता नवं कोणतं?

विंडोज ८ पासून पुढे विंडोजमध्येच डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस असतो. दुसरा अँटीव्हायरस असताना तो मागे सरतो आणि दुसरा निघाला की साधारणपणे आपोआप सुरू होतो. तरी विंडोज १० मध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण दिसते का ते पाहाच. घरगुती वापराला तो पुरेसा आहे आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

विंडोज ७ ची गोष्ट वेगळी. त्यातला डिफेंडर फक्त स्पायवेअर पकडतो, व्हायरस नाही. शिवाय विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. असा संगणक टायपिंगला, इंटरनेटशिवाय अभ्यासाला वापरा. बँकेचे व्यवहार त्यावर नकोत. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा पुढचा विचार आत्ताच करून ठेवा.

शेवटी एक विनंती. हे काम मुलांना शेजारी बसवून करा. कुठला मेसेज खरा, कुठला घाबरवणारा, हे त्यांनाच ओळखायला सांगा. लाल अक्षरं दिसली की आधी हात थांबवायचा, मग वाचायचं आणि मोठ्यांना विचारायचं, एवढी सवय लागली तरी पुष्कळ झालं. कोणताही अँटीव्हायरस ती सवय लावू शकत नाही, ती आपल्यालाच लावावी लागते.