कारवारचा किनारा कुणाचा?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बेळगाव-निपाणीकडच्या घराघरांत मुलांचा एकच हट्ट सुरू होतो, ‘समुद्र बघायला जाऊया!’ मग कुणी गोव्याची वाट धरतं, तर कुणी खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरून कारवार गाठतं. तिथल्या वाळूवर मराठी, कन्नड आणि कोकणी एकाच वेळी कानावर पडतात. आपल्यासारख्या दुभाषी कुटुंबांना म्हणूनच कारवार परकं वाटत नाही.

शहराला लागून असलेल्या या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते. १८८३ साली बावीस वर्षांचे रवींद्रनाथ भावाकडे राहायला आले आणि ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी इथेच लिहिलं. नावाचा अर्थ, निसर्गाचा सूड! आज याच किनाऱ्यावर २००५ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘चपळ’ ही युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी आहे. करावळी उत्सवही इथल्याच मयूरवर्मा वेदिकेवर भरतो. संध्याकाळी आजी-आजोबा फिरायला येतात, मुलं वाळूत खेळतात. तिकीट नाही, फाटक नाही.

पण मच्छीमारांसाठी ही वाळू केवळ फिरण्याची जागा नाही. आपण जिला ‘रापण’ म्हणतो आणि कन्नडमध्ये ‘रंपणी’, ती मासेमारी किनाऱ्याशिवाय होतच नाही. होडीने समुद्रात जाळं गोल पसरायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. वाळू गेली की ओढणाऱ्यांनी उभं राहायचं कुठे?

म्हणूनच सागरमाला योजनेखाली कारवार बंदराच्या दुसऱ्या टप्प्याचं काम सुरू होताच, जानेवारी २०२० मध्ये इथले लोक रस्त्यावर उतरले. लाटा अडवण्यासाठी समुद्रात नवा बांध घातला जाणार होता. त्यामुळे टागोर किनारा बंदराच्या पोटात जाईल, अशी भीती होती. कोळी बायकाही मागे राहिल्या नाहीत. १६ जानेवारीला कारवार बंद पाळण्यात आला. पुढे त्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली.

ही भीती उगाच नव्हती. लाटांबरोबर वाळू किनाऱ्याच्या कडेने सतत सरकत असते. मध्ये दगडी बांध घातला की एका बाजूला ती साचते, तर दुसरीकडचा किनारा झिजू लागतो. पावसाळ्यात वाहून गेलेली वाळू एरवी हिवाळ्यात परत येते. बांधामुळे हे चक्र बिघडू शकतं.

त्यात जुनी जखम आहेच. ‘सीबर्ड’ नौदल तळाची पायाभरणी १९८६ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि २००५ मध्ये ‘आयएनएस कदंब’ सुरू झाला. देशाच्या संरक्षणासाठी अरगा आणि त्यापलीकडच्या गावांतल्या कुटुंबांनी घरं, शेती आणि किनारा सोडला. एकदा एवढं दिल्यानंतर उरलेला शहराजवळचा किनाराही द्यायचा का, असं त्यांनी विचारलं, तर त्यांना विकासाचे शत्रू कसं म्हणायचं?

बंदराच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. मोठी जहाजं आली तर व्यापार वाढेल, तरुणांना काम मिळेल. कामासाठी मुलं पुण्या-बंगळूरला पाठवणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. पण नोकरी कुणाला मिळणार आणि किनारा कुणाचा जाणार, याचा हिशेब कामाआधी लोकांसमोर मांडायला हवा. आम्हाला विश्वासात घेतलं नाही, हीच तर मच्छीमारांची मुख्य तक्रार होती.

पर्यावरण खात्याच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जिथे जनसुनावणी लागते, तिथे किमान तीस दिवसांची नोटीस प्रादेशिक भाषेतल्या दैनिकातही द्यावी लागते. अहवालाचा सारांशही स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. कोपऱ्यातली ती बारीक अक्षरांतली नोटीस आपण किती जण वाचतो? आपल्या घरांत तर दोन-दोन भाषा वाचणारी माणसं आहेत. आजोबांना कन्नड नोटीस मराठीत समजावून सांगणारी नात ही गावाची मोठी ताकद आहे. किनारा असो, तलाव असो की गावातलं खेळाचं मैदान, एकदा गेलेली मोकळी जागा परत मिळत नाही. तेव्हा विचारायचं ते आधीच विचारायला हवं, नाही का?