गेलेल्या पेशी परत येतात काय?

दिवाळीच्या सुट्टीत भालकी तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. घरचा देवणी गोऱ्हा औताला धरायचा होता, म्हणून गुरांचे डॉक्टर चिमटा घेऊन आले. हा बर्डिझोचा चिमटा कातडी न कापता वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चेंगरून टाकतो. रक्तपुरवठा तुटल्याने वृषण हळूहळू सुकून जाते. डॉक्टर गेल्यावर आजोबांनी विचारले, "तू प्राणिशास्त्र शिकतोस ना? मग सांग, हा परत पहिल्यासारखा होईल का?" मी "नाही" म्हणालो. "का नाही?" या प्रश्नाला मात्र मला उत्तर देता आले नाही. वर्गात हा धडा आला की आपण सारे माना खाली घालून हसतो, त्याचेच हे फळ! ते उत्तर शोधताना जे वाचले, ते येथे थोडक्यात देत आहे.

वृषणाची कामे दोन. आतील बारीक नलिकांमध्ये शुक्रजंतू तयार होतात. नलिकांच्या मधल्या जागेतील पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतात. १८४९ साली जर्मनीतील बर्टोल्ड यांनी दाखवून दिले की, वृषणे काढलेल्या कोंबड्याच्या पोटात वृषण पुन्हा बसविले, तर त्याचा तुरा आणि आरवणे टिकून राहते. पुढच्याच वर्षी फ्रान्झ लायडिग यांनी त्या मधल्या पेशींचे वर्णन केले. त्यांनाच आज आपण लायडिग पेशी म्हणतो.

पूर्ण वाढलेल्या लायडिग पेशी क्वचितच विभागतात. मग त्या सगळ्याच मेल्या तर? याचे उत्तर इथेन डायमिथेन सल्फोनेट, म्हणजेच ई.डी.एस. या रसायनाने दिले. प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराला याचे एकच इंजेक्शन दिले, की दोन-तीन दिवसांत त्याच्या लायडिग पेशी मरतात. भक्षक पेशी त्यांचे अवशेष गिळून जागा साफ करतात. रक्तातील टेस्टोस्टेरॉन वृषणे काढलेल्या प्राण्याइतके खाली येते. ('माऊस' जातीच्या लहान उंदरावर मात्र हे रसायन जवळजवळ निष्प्रभ ठरते.)

नवल पुढेच आहे. दोन-तीन आठवड्यांनी नव्या लायडिग पेशी दिसू लागतात आणि सात-आठ आठवड्यांत त्यांची संख्या बहुतांशी पूर्ववत होते. जुन्या तर सगळ्या मेल्या. मग या आल्या कोठून? रक्तवाहिन्यांच्या आणि नलिकांच्या कडेला चातीच्या आकाराच्या काही साध्या पेशी असतात. त्या स्वतः संप्रेरक बनवीत नाहीत आणि रसायनाच्या तडाख्यातून वाचतात. या मूळ पेशी आधी विभागून संख्या वाढवितात, मग लायडिग पेशींचे रूप घेतात. रूप पूर्ण होण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचे ल्युटिनायझिंग संप्रेरक लागते. टेस्टोस्टेरॉन कमी झाले की हे संप्रेरक आपोआप वाढते. म्हणजे उणीव हीच हाक होते!

१९९६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला विशेष वाटला. वयोमानाने ज्यांचे टेस्टोस्टेरॉन घटले होते, अशा म्हाताऱ्या उंदरांना ई.डी.एस. दिले. नव्याने आलेल्या पेशींनी तरुण उंदरांच्या तोडीचे संप्रेरक बनविले. शरीर म्हातारे, पियुषिका म्हातारी. पेशी मात्र नव्या! अर्थात, ई.डी.एस. हे माणसाला देण्याचे औषध नव्हे, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. परंतु कर्करोगाच्या उपचारांनी किंवा वयाने ज्यांचे हे संप्रेरक घटते, त्यांच्यासाठी या मूळ पेशींचा उपयोग करता येईल काय, याचा शोध आज अनेक ठिकाणी चालू आहे.

पुढच्या खेपेस हे सारे आजोबांना सांगितले. चिमट्याने रक्तच तोडले, त्यामुळे कामाच्या पेशींबरोबर मूळ पेशीही गेल्या; रसायनाने फक्त कामाच्या पेशी गेल्या, हा फरक. आजोबा क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे ऊस तोडला तर खोडवा येतो, खोडक्यासकट उपटला तर काय येणार?"

चार दिवस पुस्तके चाळून मला जे समजले, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. आता या धड्याला मी मान खाली घालत नाही.