ध्वनिमांडणीची नोंद

ध्वनिमांडणीत, म्हणजे आवाजातून साकारलेल्या कलामांडणीत, श्रोता जागा बदलतो तसे ऐकू येणेही बदलते. म्हणून केवळ ध्वनिमुद्रण ही तिची अपुरी नोंद ठरते. मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांची 100 माइकची मांडणी 2018च्या कोची बिनालेत होती. शब्दांपायी तुरुंगात गेलेल्या 100 कवींच्या ओळी कागदांवर छापून धातूच्या सळयांवर खोचलेल्या, प्रत्येकीवर टांगलेला माइक, आणि तो आवाज टिपण्याऐवजी ऐकवणारा. एक माइक ओळ उच्चारतो, बाकीचे ती झेलतात. दोन वाहिन्यांच्या मुद्रणात आवाज कुठून कुठे सरकला हे बहुतांशी पुसले जाते. त्यामुळे दालनाचा आराखडा, प्रत्येक माइकची जागा व उंची, स्वतंत्र ध्वनिफिती, त्यांचा क्रम, भिंतींवरून होणारा निनाद आणि प्रेक्षकांच्या वाटा हे सारे टिपावे लागते.

पालघर जिल्ह्यातील तारपा नाचालाही हेच लागू होते. दुधीभोपळा आणि बांबूचा तारपा वाजवणारा वळतो, तशी नाचणाऱ्यांची रांग त्याच्याकडे पाठ न करता वळते. वादकासमोरचा एकच माइक सूर टिपतो. अंगणातली पावले, अंतर आणि वळणे निसटतात. रांगेत चालणारा दुसरा माइक आणि वरून घेतलेले चित्रण ही उणीव बरीच भरून काढतात.