निदानफलक आणि चिन्हार्थ

यंत्र बिघडले म्हणजे ते काय सांगत आहे हे प्रथम समजून घ्यावे लागते. दुरुस्ती ही त्यानंतरची गोष्ट होय. जुने लघुसंगणक चालू ठेवू पाहणाऱ्यांनी निदानफलकांच्या प्रतिकृती तयार केल्या आहेत. भाषेच्या अभ्यासकास त्यांत एक परिचित प्रश्न आढळेल.

अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा 'पीडीपी-११' हा लघुसंगणक १९७० साली बाजारात आला. त्याच्या निदानासाठी 'केएम-११' नावाचा एक लहान फलक असे. त्यावर २८ दिवे आणि ४ खटके होते. फलक यंत्रातील ठरावीक खाचेत बसविला की आतील संकेत दिव्यांच्या रूपाने दिसू लागत. खटक्यांच्या साहाय्याने यंत्राचे घड्याळ थांबवून एकेक ठोका हाताने देता येई. त्यामुळे कोणत्या पायरीवर गाडे अडते ते कळे. आजच्या प्रतिकृतीत तापतंतूच्या दिव्यांऐवजी एलईडी असतात. मूळ तत्त्व तेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हाच फलक मध्यवर्ती प्रक्रियकास जोडता येई, तसाच चकतीच्या नियंत्रकासही. दिवे तेच, परंतु प्रत्येक ठिकाणी त्यांचा अर्थ निराळा. म्हणून दिव्यांच्या जागी भोके पाडलेले एक छापील पत्रक फलकावर ठेवीत व यंत्रभागागणिक ते बदलीत. मराठीतील 'कर' हा शब्द घ्या : तो हात, सरकारी सारा किंवा 'करणे' या धातूचे आज्ञार्थी रूप यांपैकी काय आहे, हे वाक्यच ठरविते. पत्रकाचे कार्य नेमके हेच आहे. पेटलेला दिवा स्वतः काहीच सांगत नाही. ज्या व्यवस्थेत तो पेटतो, ती व्यवस्था त्यास अर्थ देते.

यावरून आपल्याकडील एक प्रश्न उपस्थित होतो. ठाण्याच्या खाडीकाठी ट्रॉम्बे येथे विकसित झालेला 'टीडीसी-१२' हा लघुसंगणक १९६९ साली कार्यान्वित झाला. त्याची निर्मिती हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने केली. 'केएम-११'ची प्रतिकृती शक्य झाली, ती मूळ कंपनीचे आराखडे टिकून राहिल्यामुळे. 'टीडीसी' मालिकेतील यंत्रासाठी असा फलक करावयाचा, तर दिवे व तारा बाजारात मिळतील. कोणता संकेत कशाचा, हे मात्र जुन्या आराखड्यांवाचून कळणार नाही.

मोडी दप्तरांच्या बाबतीत हा अनुभव आपण घेतलाच आहे : कागद उरले, वाचणारे विरळ झाले. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील एखाद्या निवृत्त अभियंत्याच्या कपाटात अशा यंत्रांची टिपणवही असेल, तर तिचे मोल यंत्राच्या सांगाड्याहून कमी नाही. ती रद्दीत जाण्यापूर्वी तिची नक्कल करून ठेवणे हे अभियंत्यांइतकेच भाषाभ्यासकांचेही काम आहे.