मणका, बीपी आणि मधली गोळी

मान आखडली की घरातून पहिला सल्ला येतो, "आधी बीपी बघून ये." बीपी जास्त निघालं की खापर फुटतं एक्स-रेतल्या झिजलेल्या मणक्यांवर. खरं तर साठीनंतर बहुतेकांच्या मानेत झीज दिसतेच, दुखत असो वा नसो. बीपीही त्याच वयात चढतं, तेही बहुधा काहीच न दुखता. दोन्ही एकाच माणसात सापडले तर नवल कसलं?

संशय अगदीच हवेतला नाही, हेही खरं. रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या सिम्पथेटिक नसांची साखळी मानेच्या मणक्यांपुढून जाते. तिचे बारीक धागे मणके बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांतही शिरतात. चकती सरकली, हाड वाढलं की हे धागे डिवचले जातात आणि दाब वाढतो, असा तर्क आहे. मानेच्या ऑपरेशननंतर काहींचं बीपी उतरल्याच्या नोंदी चीनमधल्या सर्जननी केल्या आहेत. पण दुखणं थांबलं म्हणूनही ते उतरू शकतं. शिकागोतला 2007 सालचा प्रयोग तर फारच गाजला. मानेचा सर्वांत वरचा मणका हातांनी जागेवर आणल्यावर आठ आठवड्यांत बीपीचा वरचा आकडा सरासरी 17ने उतरला, लुटुपुटीच्या उपचाराने फक्त 3ने. माणसं होती अवघी 50. तेवढ्यावर कुणाच्या हाती मान द्यावी, असं मला वाटत नाही. मानेला दिलेल्या झटक्याने क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होतो.

मान आणि बीपीला जोडणारा पक्का धागा वेगळाच आहे, आणि तो मेडिकलच्या दुकानात मिळतो. मान दुखते म्हणून महिनोन्‌महिने घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या गोळ्यांमुळे मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. दाब वाढतो, वर टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांचा जोरही कमी होतो. बीपी 140/90च्या वर आणि आटोक्यात नसेल तर एटोरिकॉक्सिब देऊच नये, असं युरोपातले नियम सांगतात. निरुपद्रवी समजलं जाणारं पॅरासिटामॉलही सुटलेलं नाही. एडिंबरातल्या 2022च्या अभ्यासात बीपीच्या रुग्णांनी दोन आठवडे रोज 4 ग्रॅम घेतलं, तर वरचा आकडा सुमारे 5ने चढला.

म्हणून बीपीच्या डॉक्टरांकडे जाताना मानेचा एक्स-रे राहिला तरी चालेल, वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं मात्र न्या. हाडवैद्याने दिलेली आणि शेजाऱ्याने सुचवलेली, दोन्ही. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. आणि शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर बीपीचं यंत्र बाजूला ठेवा. मज्जारज्जूवर दाब आला असू शकतो, ते लगेच दाखवायला हवं.